निळा साल्व्हिया

नवरा गेल्यावर प्रमिलाबाईंनी त्याने लावलेले गुलाब जतच्या माळावर अकरा वर्षं जगवले. टँकरच्या पाण्याच्या बादल्या वाहून गुडघे गेले, आणि या उन्हाळ्यात शेवटचं झाडही वाळलं.

"आता निळा साल्व्हिया लावा, वहिनी," नर्सरीवाले हणमंतराव म्हणाले. "एकदा मूळ धरलं की आठवड्याला एक पाणी पुरे."

प्रमिलाबाईंनी लावला. पावसाळा कोरडाच गेला, तरी दसऱ्याला निळे तुरे डोलू लागले.

एका संध्याकाळी प्रमिलाबाई सवयीने बादली भरून निघाल्या, तेव्हा शेजारची रुक्साना म्हणाली, "काकू, कालच घातलंत ना? जास्त पाण्यानं कुजेल ते."

त्या पायरीवर बसल्या. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"बरं वाटत नाही का?"

"दमले गं," त्या म्हणाल्या, आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच हमसून रडल्या.