सुई आणि भोंगा

फोन वाजला, तिने मशीनवरचा पाय थांबवला, मेसेज वाचला आणि खो खो हसत सुटली. मांडीवरचा अर्धा शिवलेला पडदा घसरून जमिनीवर पडला. नेमक्या त्याच वेळी वन्सं आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

"हसून घे," त्या म्हणाल्या. "त्याची बॅग भरून झालीय. जेवणं आटोपली की मी त्याला माझ्याकडे घेऊन जाते."

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेला, त्यामुळे आजारी माणसाचं काय करायचं हे त्या कुणाला विचारत नसत. आठवडाभर मुक्कामाला होत्या आणि रोज तेच बघत होत्या. आत भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. बाहेर भावजय पडदे शिवतेय आणि मध्येच फोनमध्ये डोकं घालून दात काढतेय.

भाऊ भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याने कोबीचा भाव पुकारला की पलीकडच्या गल्लीतली बाई पिशवी उचलायची. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. भेटायला माणसं आली. मान तिरकी करून त्याच्याकडे बघायची आणि तो बहिरा झाल्यासारखी कानाशी येऊन ओरडायची. कुणीतरी लिहायला पाटी आणून दिली. ती त्याने पलंगाखाली सरकवली आणि भिंतीकडे वळला. त्यानंतर बायकोलाही त्याने साधी खूण केली नाही. ती जवळ बसली, रडली, चिडली. भिंत बरी असं म्हणायची वेळ आली.

तिचा 'अजबखाना' मात्र चालू होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या तीसेक रिकामटेकड्यांचा फोनवरचा गट. कुणीही टोपणनावाने यायचं, कुठली तरी चक्रम बातमी टाकायची आणि एकमेकांची यथेच्छ खेचायची. नियम एकच होता, इथे कुणी कुणाची विचारपूस करायची नाही. 'बरे आहात ना' म्हणणाऱ्याला दिवसभर गटाबाहेर हाकलत. तिथे तिचं नाव सुई.

एके दुपारी गटात 'भोंगा' नावाचा नवा प्राणी उगवला. आल्या आल्या त्याने बातमी दिली: 'पडदे शिवणाऱ्या एका बाईने झालर उलटी लावली. गिऱ्हाईक खूश. म्हणालं, उरलेलेही असेच द्या.'

ती गार पडली. ती झालर तिनेच लावली होती, त्याच दिवशी सकाळी, आणि गिऱ्हाईक गेल्यावर घरात तिच्याशिवाय एकच माणूस उरला होता. तिने लगेच लिहिलं, 'भोंग्या, बाईची झालर बरी दिसली. स्वतःचं थोबाड दिसतं का कधी?' आतल्या खोलीत पलंग करकरला. कितीतरी दिवसांनी तो दुसऱ्या कुशीवर वळला होता.

तेव्हापासून दोघं रोज भांडत होती, तो आत पांघरुणाखाली फोन धरून आणि ती बाहेर मशीनवर, लग्न झाल्यापासून भांडत आली तशीच. सुई कोण हे त्याला ठाऊक नाही, असंच ती धरून चालली होती. कळलं तर इथूनही तोंड फिरवील, ही धास्ती. म्हणून तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मघाच्या मेसेजमध्ये त्याने लिहिलं होतं, 'घर फोडायला आलेल्या चोराला तिथेच झोप लागली. मालकाने उठवल्यावर म्हणाला, गादी कुठून घेतली हो?' तिने वन्संच्या देखतच उत्तर दिलं, 'भोंग्या, पकडला गेलास हे आधी नाही का सांगायचं?'

"तुला एक संधी देते," वन्सं म्हणाल्या. "त्या टवाळांच्या गटातून आत्ता, माझ्यासमोर बाहेर पड. फोन कपाटात टाक आणि त्याच्याजवळ बस. मग मी एकटीच जाते."

सौदा सोपा होता. नवरा घरातच राहिला असता. पण भिंतीकडे तोंड करून. खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मधलं दार उघडं होतं आणि त्याचे कान शाबूत होते.

"नाही वन्सं. गट मी सोडणार नाही."

"मग मी त्याला नेणार."

"त्यालाही नेऊ देणार नाही. दारात आडवी पडेन, मला ओलांडून न्या."

"घरात माणूस मुका झालाय आणि तुला विनोद सुचतात. लाज नाही वाटत?"

"नाही वाटत." तिने पडदा उचलून झटकला. "जिवंत माणसाच्या घरात हसायची लाज कसली?"

वन्संचा आवाज जरा खाली आला. त्यांचे डोळे भरले होते. भावाला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. "अगं, तो आतल्या आत मरतोय. मी त्याला विचारलंय, येतोस का म्हणून. नाही म्हणाला नाही तो."

"कसा म्हणेल?"

तेवढ्यात फोन वाजला. वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. तिने मेसेज वाचला आणि या खेपेला हसली नाही. खाली बसली, पुन्हा उठली आणि फोन वन्संच्या समोर धरला. वन्संनी चष्मा नाकावर चढवला आणि केसपेपर वाचावा तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेवटाला येईपर्यंत त्यांना नीट वाचता येईना.

"'आजची अजब बातमी. बहिणीने भावाची बॅग भरली, भावाने ती पलंगावर उपडी केली. भोंगा इथून हलणार नाही. सुई, आत ये. शर्टांच्या घड्या तुलाच जमतात.'"