लाल पट्टी

“तो खंड बाइंडिंगला गेलाय,” हळबे मॅडम म्हणाल्या. खंड त्यांच्याच टेबलाच्या खणात होता.

ग्रंथपालाला बोलायला एवढं एकच खोटं असतं, आणि विज्ञान महाविद्यालयांच्या ग्रंथपाल संघाच्या अध्यक्षबाईंना तेही धड जमलं नाही. नियतकालिकाने मागे घेतलेल्या प्रत्येक खोट्या शोधनिबंधावर लाल पट्टी चिकटवायची, कुणी पोर फसायला नको, हा नियम त्यांनीच भांडून संघाच्या गळी उतरवला होता. अशा निबंधांची यादी आली, आणि एकेचाळीस ग्रंथालयांनी पट्ट्या लावून ती पुरी केली. राहिलं होतं फक्त त्यांचं. यादीतलं सातवं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं, आणि आपली बाजू मांडायला तो आता हयात नव्हता.

समोरची संशोधक मुलगी जागची हलेना. “मॅडम, माझ्या झेरॉक्समध्ये एखादा आकडा पुसट आलाय का, एवढंच बघते. त्या खंडातल्या एका निबंधावरून प्रयोग करतेय, पण उत्तर जुळतच नाही. चुकतंय माझंच काहीतरी.”

त्या शेवटच्या वाक्याने मॅडमचा हात खणाकडे गेला. त्यांनी खंड उघडला, डिंक लावला आणि निबंधाच्या शीर्षकावर पट्टी दाबून बसवली.

मुलीने पट्टी वाचली. मग लेखकाचं आडनाव. मग टेबलावरची नावाची पाटी.

“हे तुम्हाला कधी कळलं होतं, मॅडम?”

“जूनमध्ये.”

मुलीने हातातली झेरॉक्स टेबलावर ठेवली. “मी ऑगस्टमध्ये सुरुवात केली.”