कपाटामागची पाकिटं

"इथे बसायचो मी!" निवृत्त सॉर्टरनं काठीनं लाकडी कपाट दाखवलं. "एकशे चव्वेचाळीस कप्पे. डोळे मिटून टपाल टाकायचो. अगं, पाकीट नुसतं हातात घेतलं, की आत लग्न आहे की मयत, ते न उघडता सांगायचो!"

"हो, आणि पोस्टमास्तरांना जुळं होणार, तेही," बायको म्हणाली. चाळीस वर्षांत तिला सगळं पाठ झालं होतं.

जुन्या टपाल कचेरीची डागडुजी होऊन आता तिथे संग्रहालय झालं होतं. पितळी तराजू घासूनपुसून लख्ख. सॉर्टरची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं मधलं बटण जीव मुठीत धरून बसलं.

मग त्याला दिसलं, की कपाट भिंतीपासून चांगलं हातभर पुढे ओढलंय. आणि मागे, काचेच्या पेटीत, दिव्याखाली, पिवळी पडलेली पाकिटं.

बटणाचा जीव भांड्यात पडला. छाती पार आत गेली होती.

"अहो, काय आहे ते? चष्मा द्या माझा."

त्यानं खिसा चाचपला. चष्मा हाताला लागला. "घरीच राहिला वाटतं. चल, तिकडे तारयंत्र ठेवलंय."

पण माहिती सांगणारी मुलगी तोवर येऊन पोचलीसुद्धा. "आजी, हे बघायला लोक लांबून येतात! कपाट हलवलं तेव्हा मागच्या फटीत सापडली. चुकून घसरली असणार. अकराच्या अकरा शिक्षण खात्याची, आणि एकाच बाईंच्या नावानं. पत्त्यावरचं घर कधीच पाडलंय. त्या बाई सापडेपर्यंत उघडायची नाहीत, असं ठरलंय."

आणि तिनं नाव वाचून दाखवलं.

बायकोनं पेटीची कड धरली. मास्तरीण व्हायला अकरा अर्ज केले होते तिनं. रोज संध्याकाळी नवरा दारातूनच रिकामे हात हलवायचा. "आजही नाही गं. त्यांना कुठली आलीय माणसाची पारख!" मग तीच त्याला चहा करून द्यायची. बाराव्या अर्जाच्या कोऱ्या कागदानं तिनं शेगडी पेटवली होती.

"ती मीच," ती म्हणाली.

मुलीनं आ वासला. मग गळ्यातल्या किल्लीनं तिनं पेटीचं कुलूप उघडलं.

बायकोनं वरचं पाकीट उचललं. उलटंसुलटं केलं. फोडलं मात्र नाही. सॉर्टर काठीला धरून उभा होता, की काठी त्याला धरून, सांगणं कठीण होतं. तिनं त्याचा दुसरा हात ओढून घेतला, मूठ सोडवली आणि पाकीट त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"माझा चष्मा तर घरी राहिलाय," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. आत काय आहे?"