सात नंबरच्या कॉटची संमती

"ह्यांना काय विचारणार तुम्ही?" शालनताई चिडल्याच. "दीड वर्ष झालं, ह्यांची पापणीसुद्धा हललेली नाही. काही कळत नाही, असं डॉक्टरच म्हणतात."

"नियमच आहे, ताई," सरकारी तपासनीस गोसावीबाई विद्याधररावांच्या कपाळावर पट्टी बसवत म्हणाल्या. "बुडीत हॉस्पिटल विकायचं तर भरती असलेल्या प्रत्येक पेशंटला विचारावं लागतं, बेशुद्ध असला तरी. मेंदूत काही उमटलंच, तर ह्या पडद्यावर अक्षरं येतात. बहुतेकदा कोराच राहतो."

व्हेंटिलेटर संथपणे श्वास देत होता. गोसावीबाईंनी कंटाळल्या आवाजात ठरलेला प्रश्न विचारला, "हॉस्पिटलचा मालक बदलतोय. तुमची काही हरकत आहे का?"

पडदा कोराच. त्या पट्टी सोडवायला वाकल्या आणि त्यांचा हात थबकला. अक्षरं उमटत होती.

'हरकत नाही. पण नव्या मालकाला सोमवारच्या आधी यायला सांगा.'

"अगं बाई!" गोसावीबाई मटकन स्टुलावर बसल्या. "हे तर शुद्धीवर आहेत! पण सोमवार कशाला? व्यवहार पुढच्या महिन्यात आहे. सोमवारी काय आहे, ताई?"

शालनताईंनी कॉटचा दांडा घट्ट धरला. सोमवारी श्वासाची नळी काढायची, असं काल त्यांनी आणि त्यांच्या दिरांनी ठरवलं होतं. बाहेर कोणी ऐकेल म्हणून दोघं मुद्दाम इथे, ह्या कॉटपाशी येऊन बोलले होते.