उपकारस्तुतीची चाल

पाळकांनी गीत पुकारलं आणि मंडळी उठून उभी राहिली. ऑर्गनवाल्याचे हात मात्र मांडीवरच राहिले.

गीत त्याच्याच घरचं होतं. शब्द बायकोचे, चाल त्याची. पहिलं बाळ गेल्यानंतर लेक झाली, त्या आठवड्यात बायकोने त्याला ते वाचून दाखवलं होतं. ‘जेवढं दिलंस, तेवढ्याचे आभार’ अशी सुरुवात आणि चार साधी कडवी. त्याला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. पाळणा हलवता हलवता एका बैठकीत त्याने चाल बांधली, पायऱ्यांवरून उड्या मारत जाणारी. तेव्हापासून लग्न असो की बाप्तिस्मा, मंडळीला हेच गीत हवं असायचं.

या उन्हाळ्यात लेक गेली. साधा ताप आहे, साधा ताप आहे, म्हणता म्हणता गेली. तो धाय मोकलून रडला, देवाला नाही नाही ते बोलला. बायकोने टिपूस काढलं नाही. “जेवून घ्या”, “दार लावा”, यापलीकडे तिचं बोलणंच उरलं नव्हतं. हिचं काळीज दगडाचं आहे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. एका घरात दोघं राहत होती, एवढंच.

आज चर्चच्या नव्या छपराबद्दल उपकारस्तुती होती. पाळक काल बिचकतच घरी आले. “दुसरं एखादं गीत घेऊ या का?” त्यांनी विचारलं. तो हो म्हणणार, इतक्यात बायको म्हणाली, “हेच घ्या.” त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. देवाने छप्पर दिलं आणि पोर नेली, आणि वर आभारही मीच वाजवायचे!

ओळींची लांबी जुळली की एका गीताचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर बिनबोभाट बसतात, हे कुठल्याही ऑर्गनवाल्याला ठाऊक असतं. त्याने हात उचलले आणि दफनविधीची चाल धरली. शवपेटी बाहेर नेताना वाजवतात ती, पाय ओढत चालणारी. ऐकू दे देवाला, कसले आभार आहेत ते. आजचं हे शेवटचं, मग ऑर्गनचं झाकण कायमचं बंद.

मंडळी गोंधळली. पुढच्या बाकावरचा शिंपी, जो सुरात नसला तरी आवाजात सगळ्यांच्या पुढे असतो, जुन्या चालीवर एकटाच टणाटण निघाला आणि ओशाळून परत आला. पण गाताना ऑर्गन म्हणेल ती पूर्व दिशा. दुसऱ्या कडव्याला सगळे त्याच्यामागून आले. आभाराचे शब्द खालमानेने चालू लागले.

सूड उगवल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मंडळीतून एक आवाज वर येत होता आणि तो बायकोचा होता. ती कुठेही अडखळत नव्हती. गाता गाता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी हिचं गीत सगळ्यांदेखत मातीत घातलं, त्याला वाटलं.

उपासना संपली. लोक नवं छप्पर बघत बघत बाहेर पडले. बायको त्याच्याजवळ येऊन बाकड्यावर टेकली. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “रागाच्या भरात भलतीच चाल लावली.”

“भलती नव्हती,” ती म्हणाली. “आपलं पहिलं बाळ पुरून आलो ना, त्या दिवशी मी याच चालीवर लिहिलं होतं ते. पुढे ही लेक झाली, तेव्हा म्हटलं, आता तुम्हाला वाचून दाखवावं. तर तुम्ही नाचायलाच लागलात. मग म्हटलं, असू दे.”