थंडी कोणी दाखवली?

"बरण्या बदलल्यात ना?" मी मदतनिसाला सरळच विचारलं.

एकाच झाडाच्या पानाचे तुकडे मी प्रयोगशाळेतल्या बरण्यांमध्ये लावले होते. त्यातून रोपं उगवली, इथवर ठीक. पण त्यांना चक्क कळ्या आल्या. हे झाड हिवाळा सोसल्याशिवाय फुलत नाही, आणि बरण्या तर पहिल्या दिवसापासून उबेत. हा माझी रोपं बाहेर पुरवतो, असा संशय मला होताच.

"हातही लावला नाही, मॅडम. पण मूळ झाडाने थंडी सोसली असेल तर? जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर थंडीची खूण बसते. पानाच्या तुकड्यातून नवं रोप आलं, तरी ती पुसली जात नाही."

"मग झाड थंडीत नेलं कोणी? तुकडे काढायच्या आधी मी दीड महिना रजेवर होते, तेव्हा इथे तुम्हीच होतात!"

"मी होतो. झाड नव्हतं."

मी पर्समधली किल्ली चाचपली. आमच्याकडे कुलूप लागतं ते एकाच खोलीला, कोल्ड रूमला. याचा हात लागू नये म्हणून, जाताना झाड मीच तिथे कोंडून गेले होते.