लाल फडकं

बीजिंगच्या जुन्या गल्लीतलं शेवटचं घर पाडायला बुलडोझर ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आला, तेव्हा म्हाताऱ्या गुआनची कबुतरं आभाळात होती. बांबूवरचं लाल फडकं हलतंय तोवर ती घिरट्या घालायची, बांबू खाली आला की छपरावर उतरायची. ही रीत त्याच्या आजोबांपासूनची. आता छप्परच फुटत होतं, म्हणून गुआन जिवाच्या आकांतानं बांबू हलवत होता. “आजोबा, झेंडे नाचवून घरं वाचत नसतात!” ड्रायव्हर ओरडला. “बाबा, चला,” मुलगी रडकुंडीला आली. “नव्या इमारतीत कबुतरं नाही चालत, सोडा त्यांना.” शेवटची भिंत पडली, धुरळा बसला. गुआनचे दंड भरून आले होते आणि दमलेली कबुतरं खाली खाली येत होती. “आता तरी बांबू खाली घ्या!” “घेतो गं,” फडकं हलवतच तो म्हणाला, “पण त्यांना बसायला सांगू कुठे?”